घरातली दुसरी वही

पिंपळगाव बसवंतजवळच्या आमच्या मळ्यात पंपघराच्या खिळ्याला एक वही टांगलेली असते. निळ्या पुठ्ठ्याची, कोपरे औषधाच्या डागांनी पिवळे पडलेले. ऑक्टोबरात द्राक्षाची छाटणी झाली की दादा नवी वही लावतो. पहिल्या पानावर प्लॉटचा नोंदणी क्रमांक, वाण, छाटणीची तारीख. मग रोजच्या नोंदी : कोणते औषध, किती पाण्याला किती, कोणत्या रोगासाठी, आणि शेवटच्या रकान्यात काढणीच्या किती दिवस आधी ते बंद करायचे. दादा दहावीपर्यंत शिकला. पण या वहीत चुकलेला शब्दही तो एकच आडवी रेघ मारून खोडतो, खालचे वाचता आले पाहिजे म्हणून.

ही शिस्त त्याच्या अंगात जन्मतः नव्हती, ती बाजाराने लावली. युरोपात जाणाऱ्या द्राक्षांचा माग थेट बागेपर्यंत लागावा म्हणून २००६ मध्ये केंद्राच्या शेतमाल निर्यात प्राधिकरणाने, म्हणजे ‘अपेडा’ने ग्रेपनेट ही ऑनलाइन व्यवस्था सुरू केली. निर्यातीचा प्लॉट कृषी खात्याकडे नोंदवायचा, फवारणीच्या नोंदी ठेवायच्या, काढणीआधी नमुना प्रयोगशाळेत जायचा आणि अहवाल बरा आला तरच कंटेनर भरायचा. तरीही २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाचे अंश सापडले, युरोपात महाराष्ट्राचा माल अडकला आणि निफाड-दिंडोरीतल्या कित्येक घरांचे वर्ष बुडाले. त्यानंतर आमच्याकडे वहीला कोणी नावे ठेवली नाहीत. नोंद नाही तर माल नाही, हे आता शाळकरी पोरालाही ठाऊक आहे.

याच घरात २०२५ च्या जुलैमध्ये माझ्या पुतणीचे नाव अभियांत्रिकीच्या गुणवत्ता यादीत खुल्या प्रवर्गात लागले. आम्ही इतर मागासवर्गातले. जातीचा दाखला होता, वैधता प्रमाणपत्र होते, नॉन-क्रीमीलेयरही होते, तेही प्लास्टिकच्या पिशवीत नीट ठेवलेले. फक्त त्यावर ‘३१ मार्च २०२५ पर्यंत वैध’ असे छापलेले होते आणि त्या वर्षीच्या प्रवेशाला ३१ मार्च २०२६ पर्यंत चालणारे हवे होते. त्रुटी दाखवणारा संदेश आला तो अर्ज भरून देणाऱ्या कॅफेवाल्याच्या मोबाइलवर, कारण अर्जात नंबर त्याचाच होता. आम्हाला कळले तेव्हा कागद बदलायला मोजके दिवस उरले होते, आणि नवे प्रमाणपत्र निघून हातात पडेपर्यंत मुदत टळली. मनात होती ती शाखा थोडक्यात हुकली.

त्या रात्री ओट्यावर बसून दादा म्हणाला, “औषधाच्या बाटलीवरची तारीख मी दुकानातच बघतो. पोरीच्या दाखल्यावरची एकदाही नाही बघितली.”

हा लेख त्या वाक्यामुळे लिहिला. दोष कोणत्या कचेरीचा नव्हता, मुलीचा तर नव्हताच. तिने आपले काम केले होते, अभ्यास केला होता. बाकीचे काम घराचे होते. ते कोणाकडेच सोपवलेले नव्हते.

महाविद्यालय शोधणे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे इमारत येते, प्लेसमेंटचे आकडे येतात, ‘कट-ऑफ किती’ हा प्रश्न येतो. गेली काही वर्षे मी या भागातल्या घरांत या गोष्टी जवळून पाहतो आहे. माझे मत असे झाले आहे की गावाकडच्या मुलांच्या जागा गुणांवाचून जितक्या जातात, जवळजवळ तितक्याच कागदावाचून आणि तारखेवाचून जातात. गुण वाढवायला क्लास आहेत. तारखा सांभाळायला कोणी नाही.

आधी कागदांचे बोलू, कारण सर्वांत जास्त वेळ तेच खातात. जात वैधता प्रमाणपत्र हे त्यातले सर्वांत खोल विहिरीतले पाणी. जातीचा दाखला प्रांताधिकारी देतात, तो खरा आहे की नाही हे तपासते जिल्ह्याची पडताळणी समिती. तिला पुरावा हवा असतो जुना : अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. म्हणजे अठरा वर्षांच्या मुलीच्या संगणक शाखेचा रस्ता तिच्या आजोबांच्या पहिलीच्या प्रवेशातून जातो. आमच्या तात्यांचे, म्हणजे तिच्या आजोबांचे, नाव शाळेत घातले गेले तेव्हा जिल्हा परिषदा जन्मालाही आल्या नव्हत्या, शाळा लोकल बोर्डाची होती. ते जाऊन आता बरीच वर्षे झाली. शाळेच्या जनरल रजिस्टरात त्यांचे नाव सापडले तेव्हा त्यात आडनाव नव्हतेच, नुसते नाव आणि बापाचे नाव. गुरुजींनी तेव्हा तसेच लिहायची पद्धत होती. मग तो मुलगा आणि आमचे तात्या एकच, हे दाखवायला वंशावळीचे प्रतिज्ञापत्र, सातबाऱ्याचे जुने उतारे, आत्याच्या शाळेचा दाखला असे सगळे जोडत बसावे लागले. कुणाच्या घरी हाच शोध गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदीपर्यंत, म्हणजे कोतवाल बुकापर्यंत जातो आणि ती पाने मोडीत असतात. मग मोडी वाचणारा शोधा.

हे काम दोन महिन्यांत होत नाही. आमचे झाले, कारण पुतणी अकरावीत असताना तिच्या बाईंनी वर्गात सांगितले की विज्ञान शाखेच्या मुलांनी कॉलेजमार्फत वैधतेचा अर्ज आताच करा. बाईंच्या एका सूचनेने आमचे निम्मे काम झाले. उरलेले निम्मे आम्ही गमावले, कारण वैधता एकदाच काढायची असते आणि नॉन-क्रीमीलेयरची मुदत संपत असते, हा फरक घरात कोणाच्या ध्यानात राहिला नाही. तीन वर्षांच्या उत्पन्नाचा दाखला जोडला तर हे प्रमाणपत्र तीन वर्षांसाठीही मिळते. अकरावीच्या वर्षात तसे काढले असते तर बारावीनंतरचा प्रवेश त्यात सहज बसला असता. आर्थिक दुर्बल घटकाचे प्रमाणपत्रही असेच वर्षाला बांधलेले असते.

आणि नावे. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, बँकेच्या पासबुकात वडिलांच्या नावाचे एकच अक्षर, आईचे नाव एका ठिकाणी माहेरचे. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ कमी-जास्त. शिष्यवृत्ती महाडीबीटी संकेतस्थळावर अडकते ती बहुधा इथेच. शाळेच्या नोंदीतली चूक दुरुस्त करायला मूल शाळेत असतानाचे दिवस सर्वांत सोपे, दहावीचा बोर्डाचा अर्ज जाण्याआधीचे. नंतर तीच दुरुस्ती राजपत्रापर्यंत नेते. म्हणून दहावीची गुणपत्रिका हाच मूळ साचा धरायचा आणि आधारपासून बँकेपर्यंत सगळे त्याला जुळवून घ्यायचे.

आता वेळेचे. आमच्या भागाची अडचण अशी की घराला वेळ नसतो नेमका तेव्हाच प्रवेशाला वेळ लागतो. बारावीची दिवाळी म्हणजे छाटणी आणि डिपिंगचे दिवस. थंडीत सीईटी, जेईईचे अर्ज भरायचे, तेव्हा भुरीची धास्ती आणि रात्री-अपरात्री वीज. २०२५ मध्ये बारावीची परीक्षा ११ फेब्रुवारीला सुरू झाली आणि आमच्याकडे खुडा त्याच आठवड्यात. एप्रिलमध्ये सीईटी, तेव्हा बागेची खरड छाटणी आणि उन्हाळ कांदा चाळीत भरायची घाई. ५ मे रोजी बारावीचा निकाल, १३ मे रोजी दहावीचा. जुलैमध्ये पर्याय भरायचे, तेव्हा टोमॅटोची लागवड. आणि फेऱ्या ऐन रंगात येतात तेव्हा पिंपळगावच्या बाजार समितीत टोमॅटोच्या जाळ्यांनी भरलेल्या पिकअपांची रांग महामार्गाला भिडलेली असते. बाप लिलावात उभा, फोन खिशात थरथरतो, ओटीपी येतो आणि दहा मिनिटांत मरतो.

म्हणून बापाच्या फोनवर अर्ज ठेवू नये, आणि कॅफेवाल्याच्या तर कधीच नाही. मुलाच्या स्वतःच्या नावाचा मेल, घरात दिवसभर राहणारा एक नंबर, बहुधा आईचा, आणि प्रत्येक अर्जाचा क्रमांक व पासवर्ड कागदावर लिहिलेला. कॅफेत जाऊन अर्ज भरायला हरकत नाही, गावात संगणक सगळ्यांकडे नाही. पण नंबर आपला द्यावा आणि भरलेल्या अर्जाची छापील प्रत घेऊनच उठावे.

तारखांच्या बाबतीत २०२४ ची एक गोष्ट तालुक्यातल्या पालकांनी विसरू नये. बीबीए, बीसीए, बीएमएस हे अभ्यासक्रम तंत्रशिक्षण परिषदेच्या (एआयसीटीई) कक्षेत आले आणि राज्यात त्यांच्यासाठी त्या वर्षी पहिल्यांदा सीईटी झाली. बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळेल असे समजून घरी बसलेली असंख्य मुले परीक्षेला मुकली, जागा ओस पडल्या, शेवटी पुन्हा एकदा सीईटी घ्यावी लागली. नियम दरवर्षी थोडे बदलतात. थोरल्याच्या वेळचे धाकट्याला लागू पडेलच असे नाही. ‘शेजारच्याच्या पोराने असे केले होते’ हा आपल्याकडचा सर्वांत महाग सल्ला आहे.

अकरावीचेच पाहा. केंद्रीय ऑनलाइन प्रवेश नाशिक शहरात आधीपासून होते. पिंपळगावसारख्या गावात मात्र दहावीचा निकाल लागला की पोरगा आपल्याच संस्थेच्या कनिष्ठ महाविद्यालयात गुणपत्रिका घेऊन जायचा, सर ओळखीचे, प्रवेश झालेला असायचा. २०२५-२६ पासून सगळ्या राज्याला एकच ऑनलाइन प्रक्रिया लागू झाली. जास्तीत जास्त दहा पसंतीक्रम भरायचे, आणि पहिल्याच पसंतीचे महाविद्यालय मिळाले तर ते घ्यावेच लागते. नोंदणीच्या पहिल्या दिवशी संकेतस्थळ चालेना, तारीख पुढे गेली आणि गावोगावी पालक हवालदिल झाले. पण त्या गोंधळातून एक बरे निष्पन्न झाले : पसंतीक्रम म्हणजे काय, हे आमच्याकडच्या घरांना दोन वर्षे आधी कळू लागले.

पसंतीक्रमाबद्दल थोडे थांबून बोलायला हवे, कारण इथे सुशिक्षित घरेही चुकतात. अभियांत्रिकीच्या केंद्रीय फेरीत तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात. संगणक वरून खाली बघत येतो आणि तुमच्या गुणवत्ता क्रमांकाला बसणारी पहिली जागा देतो. तेव्हा जे सर्वांत हवे ते वर, मिळेल की नाही याचा विचार न करता. ‘मिळण्यासारखे’ वर आणि ‘आवडीचे’ खाली असा क्रम लावला की आवडीचे कधीच मिळत नाही. २०२५ पासून यात आणखी एक गाठ बसली. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांतला, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांतला मिळाला, तर ती जागा आपोआप पक्की होते. मग पुढच्या फेरीची आशा नाही. म्हणजे वरचे सहा पर्याय हे घराने एकत्र बसून, मुलीला विचारून, एकेक नाव मोठ्याने वाचून ठरवायचे. तिसऱ्या नंबरला कोणी मामेभावाच्या सांगण्यावरून लांबच्या शहरातले कॉलेज टाकले असेल आणि तेच लागले, तर चार वर्षे तिथेच काढायची.

कट-ऑफची यादी वाचणेही शिकावे लागते. ‘जीओपनएच’, ‘एलओबीसीएस’ ही अक्षरे बघून माणूस बिचकतो. पहिले अक्षर सर्वसाधारण की मुलींसाठीची जागा हे सांगते, मधले प्रवर्ग, शेवटचे जागा घरच्या विद्यापीठाची, बाहेरची की राज्यस्तरावरची ते. आमच्या मुलांचे घरचे विद्यापीठ म्हणजे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, मग नाशिक असो, नगर असो की पुणे. एकदा हे कळले की गेल्या वर्षीच्या सगळ्या फेऱ्यांच्या याद्या शेजारी ठेवून तासाभरात अंदाज येतो. पुतणीने हे स्वतः केले आणि आम्हा दोघा भावांना शिकवले.

आणि या सगळ्याआधी कॉलेज डोळ्यांनी बघावे. पिंपळगाव आग्रा रोडवर आहे, हे आमचे भाग्य. नाशिककडे निघाले की ओझर सोडल्यावर आडगावला मराठा विद्या प्रसारक संस्थेचे (मविप्र) वैद्यकीय महाविद्यालय, पुढे अमृतधामला क. का. वाघ अभियांत्रिकी. गंगापूर रोडला मविप्रचे अभियांत्रिकी आणि केटीएचएम, कॉलेज रोडला गोखले संस्थेचे एचपीटी-आरवायके. उलट दिशेला चांदवडला नेमिनगरात जैन संस्थेचे अभियांत्रिकी महाविद्यालय. कृषीची आवड असेल तर राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ. आणि गावातच मविप्रचे क. का. वाघ महाविद्यालय आहे, ज्याला आम्ही जवळचे म्हणून कमी लेखतो. मविप्र १९१४ ला सुरू झाली ती खेड्यातल्या मुलांना नाशिकला राहून शिकता यावे म्हणून. उदाजी मराठा बोर्डिंग ही तिची मुळे. त्या पिढीला राहायला खोली मिळणे हाच कॉलेजचा शोध होता. आज निवड आहे, म्हणून निवडायची मेहनतही आहे.

बघायला जावे ते कामाच्या दिवशी. प्रवेशाच्या मंडपात सगळीच कॉलेजे छान दिसतात. जानेवारीतल्या साध्या मंगळवारी जा. प्रयोगशाळेत मुले आहेत का, ग्रंथालयात दिवे लागलेत का, वसतिगृहाच्या मुलींना पाणी किती वाजेपर्यंत मिळते, सकाळचा पहिला तास किती वाजता आणि पिंपळगावहून त्या वेळेला पोचणारी एसटी आहे का. दुसऱ्या वर्षाच्या दोन मुलांशी फाटकाबाहेर चहा घ्या. ती खरे सांगतात. फी तोंडी विचारू नका. खासगी व्यावसायिक महाविद्यालयांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि ती बघायला मिळते. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या इतर मागासवर्ग, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींना केंद्रीय प्रवेशातून व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेल्यास शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. हे माहीत नसल्यामुळे ‘पोरीला एवढा खर्च कशाला’ म्हणत तिला जवळच्या, नको त्या अभ्यासक्रमाला घालणारी घरे मी पाहिली आहेत. मेस आणि खोली यांचा खर्च मात्र यात येत नाही, तो वेगळा मांडावा.

इंग्लंडमध्ये बारावीनंतरचे मूल यूकास या एकाच केंद्रावर एकच अर्ज भरते आणि पाच पर्याय देते. आपल्या मुलाला सीईटी वेगळी, जेईई वेगळी, नीट वेगळी, कृषीची फेरी वेगळी, शिष्यवृत्तीचे संकेतस्थळ आणखी वेगळे. प्रत्येकाचा पासवर्ड, प्रत्येकाची फोटोची मापे. हे सोपे व्हायला हवे, ती मागणी आपण करत राहिलीच पाहिजे. पण ते होईपर्यंत आपले मूल सतरा वर्षांचेच असणार आहे आणि जून येणारच आहे.

घराने हात टेकले की तिथे दलाल उभा राहतो. ‘तुम्ही फक्त कागद माझ्याकडे द्या’ असे म्हणणारा माणूस प्रत्येक तालुक्याच्या गावी आहे. त्याला मूळ गुणपत्रिका देणारे वडील एरवी सौदापट्टी हातात पडल्याशिवाय ट्रॉली खाली करत नाहीत. मला या माणसांचा राग येतो, पण ते शिरतात ते आपण उघड्या ठेवलेल्या दारातून.

गेल्या दिवाळीत आमच्या घरात दुसरी वही आली. पुतण्या तेव्हा नववीत होता. वही वहिनीकडे आहे, पीठ-मिठाच्या फडताळाच्या वर, सगळ्यांचा हात पोचेल अशी. पहिल्या पानावर त्याचे नाव मराठीत आणि इंग्रजीत, अक्षर अन् अक्षर, जन्मतारखेसह. कोणताही अर्ज भरताना हे पान समोर ठेवायचे. दुसऱ्या पानावर दादानेच रकाने आखले, फवारणीच्या वहीसारखे : कागद, कधी काढला, कधी संपतो, मूळ प्रत कुठे. ‘कधी संपतो’ हा रकाना त्याने लाल शाईने आखला. मागे प्रत्येक कॉलेजसाठी एक पान राखले आहे. त्यावर जाऊन आल्याची तारीख पडली नाही तर त्या कॉलेजचे नाव पसंतीक्रमात येणार नाही, असे ठरले. वहिनी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती उघडते. दहा मिनिटे लागतात.

पुतणी आता दुसऱ्या शाखेत शिकते आहे आणि मन लावून शिकते आहे. भावाच्या वहीतल्या नोंदी तीच तपासते. मागच्या सुट्टीत तिने आधारवरचे त्याचे नाव शाळेतल्या नोंदीशी ताडून पाहिले, एक अक्षर वेगळे निघाले, शाळा सुरू होताच ते दुरुस्त झाले.

वाचकहो, तुमच्या घरात आठवी-नववीतले मूल असेल तर माझी एकच विनंती. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडल्या की आजोबांच्या गावच्या शाळेत जा, मुख्याध्यापकांना भेटा आणि जनरल रजिस्टरातल्या त्यांच्या नावाचा दाखला मागा. ते नाव कोणत्या वर्षाच्या पानावर आहे हे सांगू शकणारे म्हातारे माणूस घरात असेल, तर जाण्याआधी त्यांना विचारून घ्या.